बाईंना माझ्या मुलीचं बोलणं कळेल का?

जानेवारी लागला की आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाण्यानंतर दुसरा विषय शाळेचाच असतो. यंदा कुणीतरी एक मराठी शाळा बंद पडल्याची बातमी टाकली आणि रात्री साडेबारापर्यंत वाद चालला. एका बाजूचं म्हणणं, मराठी माणूसच मराठी शाळेच्या मुळावर उठलाय. दुसरी बाजू म्हणाली, तुमच्या नेत्यांची मुलं कुठे शिकतात ते आधी सांगा. मग कुणी संभाजी महाराजांना किती भाषा येत होत्या ते लिहिलं, कुणी अमेरिकेत सेटल झालेल्या चुलतभावाचं पॅकेज सांगितलं. मी सगळं वाचलं कारण माझी मुलगी जूनमध्ये पहिलीला जाणार आहे आणि आम्हाला महिनाभरात ठरवायचंय. एवढ्या मेसेजमध्ये भाषा होती, समाज होता, करिअर होतं, पण सहा वर्षांचं एकही मूल नव्हतं. बाकावर बसलंय, बाई काहीतरी बोलतायत आणि ते कळतंय किंवा कळत नाहीये असं एक मूल सुद्धा नाही.

माझं मत आधीच सांगते म्हणजे कुणाचा गैरसमज नको. पहिली ते चौथीसाठी मूल घरात ज्या भाषेत भांडतं, रडतं, स्वप्न सांगतं त्या भाषेत शिकवणारी आणि चालत जाता येईल अशी शाळा निवडावी. बोर्ड कुठलं, इमारत केवढी, दहावीचा निकाल किती हे प्रश्न नंतरचे. आमच्या घरात ती भाषा मराठी आहे म्हणून आमच्यासाठी मराठी शाळा, आमच्या शेजारच्या घरात ती हिंदी असेल तर त्यांच्यासाठी हिंदी. आणि त्या भाषेतली जवळची शाळा खरंच वाईट असेल तर मुलाला तिथे घालून भाषेची सेवा करा असं मी कुणालाही सांगणार नाही.

हा वाद आपल्याला नवा वाटतो पण तो पावणेदोनशे वर्षांचा आहे. १८४० च्या दशकात मुंबई इलाख्यातल्या शाळांचा कारभार बघणाऱ्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये यावरूनच उभी फूट पडली होती. अध्यक्ष अर्स्किन पेरी यांना इंग्रजीतून शिक्षण हवं होतं, जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट आणि कर्नल जर्व्हिस देशी भाषांच्या बाजूने होते. नाना शंकरशेट इंग्रजीच्या विरोधात होते असं कुणी म्हणू शकणार नाही, एल्फिन्स्टनच्या इंग्रजी शिक्षणामागे उभे राहिलेल्यांत ते स्वतः होते. त्यांचा मुद्दा साधा होता, मूठभरांना शिकवायचं असेल तर इंग्रजी चालेल, पण सगळ्यांपर्यंत ज्ञान न्यायचं तर लोकांच्या भाषेशिवाय ते होणार नाही. सरकारचा भर मात्र बराच काळ वरच्या थरावर राहिला, थोड्यांना शिकवू मग ते खाली झिरपेल असं धरून. ते झिरपलं नाही हे जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे स्पष्ट मांडलं. त्यांच्या निवेदनात काय आहे बघा: प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, शेतकरी वर्गातले शिक्षक तयार करा, मास्तरला महिना बारा रुपयांपेक्षा कमी पगार नको. म्हणजे मास्तर कोण आहे, त्याला किती मिळतंय, तो त्या मुलांमधला आहे का. आपण आज माध्यमावर तावातावाने बोलतो तेव्हा फुल्यांचे हे प्रश्न कुणाला तरी आठवतात का?

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. इंग्रजीने भाकरी मिळते, आणि भाकरीपेक्षाही जास्त म्हणजे मान मिळतो. हे मला शंभर टक्के मान्य आहे. सावित्रीबाईंनी १८५४ च्या त्यांच्या कवितांमध्ये इंग्रजी शिका म्हणून कळकळीने सांगितलं, त्यात जातीच्या जाचातून सुटण्याची वाट त्यांना दिसत होती. ज्यांना मराठीनेच शतकानुशतकं शाळेबाहेर ठेवलं त्यांना आज आपण मराठीच्या प्रेमापोटी इंग्रजी टाळा म्हणून सांगावं, तेही आपली मुलं इंग्रजीत घालून, हे अन्यायाचं आहे. मी स्वतः मराठी माध्यमातली. बारावीला सायन्सच्या वर्गात पहिले चार महिने मी एकही प्रश्न विचारला नव्हता, शंका असायची पण ती इंग्रजीत कशी मांडायची ते सुचायचं नाही. तो घशात अडकलेला प्रश्न मला आजही आठवतो, त्यामुळे इंग्रजीचं काय एवढं असं माझ्या तोंडून कधीच निघणार नाही.

पण इंग्रजी उत्तम येणं आणि सहाव्या वर्षी बेरीज, पाऊस, आपलं घर, आपलं गाव हे सगळंच इंग्रजीतून शिकणं या दोन गोष्टी एक आहेत का? बाबासाहेबांच्या शाळाप्रवेशाचा दिवस, ७ नोव्हेंबर १९००, आपण महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. साताऱ्याच्या त्या शाळेत ते इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाले, म्हणजे त्याआधीचं प्राथमिक शिक्षण झालं होतं. तेव्हाची पद्धतच तशी, आधी मराठी यत्ता आणि मग इंग्रजी पहिली. त्या पद्धतीतून गेलेल्या माणसांचं इंग्रजी आपल्यापेक्षा कमी होतं असं म्हणायची हिंमत कुणी करेल असं वाटत नाही. यावर कुणी म्हणेल की ते लाखात एक होते, बाकीचे किती मागे राहिले ते मोजलंय का. रास्त आहे, थोरामोठ्यांच्या उदाहरणांनी सिद्ध काहीच होत नाही. म्हणून साध्या मुलांचं उदाहरण घेऊ. २००८ पासून चार वर्षं आंध्र प्रदेशात पाच जिल्ह्यांतल्या १८० गावांत एक मोठा प्रयोग झाला. सरकारी शाळेतल्या मुलांमधून लॉटरी काढून काहींना खाजगी शाळेत जायला पैसे दिले आणि चार वर्षांनी दोन्हीकडच्या मुलांची परीक्षा घेतली. तेलुगू आणि गणितात फरक नव्हता. हिंदीत खाजगीवाले पुढे होते कारण सरकारी शाळेत ती जवळजवळ शिकवलीच जात नव्हती. आणि जी मुलं तेलुगू सोडून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेली त्यांचं बाकी विषयांत नुकसान होत असावं असंही संशोधकांना दिसलं. एक गोष्ट मात्र खाजगी शाळांच्या बाजूनेही मांडायला हवी, त्यांनी हे सगळं सरकारी शाळेच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी खर्चात केलं. त्यामुळे सरकारी म्हणजे आपोआप चांगलं असंही कुणी समजू नये.

आमच्या मजल्यावर कामाला येणाऱ्या ताई दहावी पास आहेत, मराठी माध्यमातून. त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. मुलगा दुसरीला आहे, जवळच्याच एका कमी फीच्या इंग्रजी शाळेत. महिन्यातून दोनतीनदा तरी त्या शाळेच्या डायरीच्या पानाचा फोटो मला पाठवतात आणि खाली लिहितात, ताई यात काय सांगितलंय. एकदा त्यात लिहिलं होतं की मुलाला अक्षर ओळखायला त्रास होतोय, पालकांनी घरी रोज वाचून घ्यावं. रोज वाचून घ्यायला त्या एका पायावर तयार होत्या, पण कशातून घेणार? मग महिना आठशे रुपयांची ट्युशन लागली, सात वर्षांच्या मुलाला. घरी इंग्रजी येत नाही म्हणूनच तर शाळेत घालतो, हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलंय आणि त्यातली तळमळ अगदी खरी आहे. पण ज्या घरात इंग्रजी नाही त्याच घरात मूल अडलं तर हात द्यायला कुणी नसतं. मराठी शाळेत त्या मुलाला घरीच एक शिक्षिका होती. तिला आपण पहिल्याच दिवशी बाद केलं, आणि त्या मुलाच्याही हळूहळू लक्षात येतं की आईला काही येत नाही. माझ्या आईने मला पाढे पोळ्या लाटता लाटता शिकवले. त्या ताईंना ते करता येऊ नये याचं मला फार वाईट वाटतं.

मग शाळेतून इंग्रजीच काढून टाकायचं का? तोही प्रयोग झालाय आणि त्याचे चटके एका पिढीने सोसलेत. पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीच्या सरकारने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारी प्राथमिक शाळांमधून इंग्रजी विषय काढला, मुलांवरचं ओझं कमी करायच्या चांगल्या हेतूने. पण ज्यांना परवडत होतं त्यांनी खाजगी शाळा आणि शिकवण्या गाठल्या, ज्यांना परवडत नव्हतं त्यांची मुलं सहावीपर्यंत ए बी सी डी विना राहिली. हळूहळू माघार घेत घेत २००४ ला पहिलीपासून इंग्रजी परत आणावं लागलं. आपल्याकडे रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० साली मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, मराठी संपणार म्हणून. मला आज तो निर्णय योग्यच वाटतो. इंग्रजी पहिलीपासून यावी, गाण्यातून, गोष्टीतून, रोज तासभर, चांगल्या शिक्षकाकडून. फक्त तिच्या हातात सगळ्या विषयांची किल्ली एवढ्यात देऊ नये.

आता आमच्या बाजूला, म्हणजे मराठी शाळेच्या बाजूने बोलणाऱ्यांना थोडं बोलायचंय, आणि जरा रागानेच. आपण हा वाद अस्मितेवर नेऊन ठेवला आणि मूल तिथेच हरवलं. २०१९ आठवा. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेपन्नला पन्नास तीन असंही वाचायची सोय दिली तर महाराष्ट्रात हाहाकार उडाला, विधानसभेत टिंगल झाली, मराठी बुडाली म्हणून ओरड झाली. त्या पुस्तकाच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांनी शांतपणे सांगितलं होतं की जोडाक्षरांनी आणि उलट्या क्रमाने लहान मुलं अडखळतात. त्रेपन्नमध्ये तीन आधी ऐकू येतात आणि लिहायचे मात्र पाच आधी. इंग्रजीत फिफ्टी थ्री जसं ऐकतो तसं लिहितो, तिथे इंग्रजी सोपी आहे हे कबूल करायला काय हरकत आहे? माझी मुलगी अजून एकोणतीस म्हटलं की एकोणचाळीसवर बोट ठेवते, तेव्हा मी तिला वीस नऊ सांगते आणि तिचा चेहरा खुलतो. मुलाला काय जड जातंय यावर बोलायची एवढी चांगली संधी होती आणि आपण ती भाषेच्या अपमानावर घालवली. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणायचा जीआर एप्रिलमध्ये निघाला आणि जूनअखेर मागे घ्यावा लागला. विरोध झाला ते बरंच झालं, सहाव्या वर्षी तीन भाषांचं लिहिणं वाचणं नकोच. पण त्या सगळ्या रणधुमाळीत तरी वर्गातल्या मुलाबद्दल किती जण बोलले?

आणि मूल केंद्रस्थानी ठेवायचं तर ते फक्त आपलंच का? डहाणूजवळ कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ वारली मुलांमध्ये काम करत होत्या. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळा अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात नेली. त्या मुलांना पुस्तकातली मराठी परकीच होती. गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडीतून शिकवणारी स्वतःची शाळा सुरू केली तर प्रशासनाने ती बेकायदा ठरवली. मातृभाषेतून शिक्षण म्हणून मुंबईत मोर्चे काढणारे आपण त्या शाळेसाठी किती बोललो? मूल स्वतःच्या भाषेत शिकतं हे तत्त्व खरं असेल तर ते गोंडीलाही लागू आहे, सातपुड्यातल्या पावरीलाही आणि भिवंडीतल्या उर्दूलाही. ते फक्त मराठीपुरतं असेल तर समोरचा पालक आपल्याला ढोंगी म्हणेल आणि ते ऐकून घ्यावं लागेल.

वाद भाषेवर पेटला आणि मूल बाजूला पडलं, गोव्यातही हेच झालं. १९९० पासून तिथे कोकणी आणि मराठी प्राथमिक शाळांनाच सरकारी अनुदान होतं, २०११ मध्ये ते इंग्रजीलाही द्यायचं ठरलं आणि वर्षानुवर्षं आंदोलनं चालली, त्या निर्णयाविरुद्ध भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला, राजकारण ढवळून निघालं. अनुदान कुणाला हा प्रश्न मोठाच आहे, पण तो काही वर्गातल्या बाई कशा शिकवतात या प्रश्नाची जागा घेऊ शकत नाही.

मराठी शाळांची अवस्था वाईट आहे, मग काय करू, हा दुसरा मोठा आक्षेप. खरा आहे. शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, जे आहेत ते निवडणुकीच्या आणि सर्वेक्षणाच्या कामाला जुंपलेले, दोन वर्ग एकत्र बसवलेले. मुलांना वाचता, गणित करता येतं का हे तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२२ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या शंभरातल्या साधारण ४३ मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला, आणि खाजगीतला आकडा सरकारीपेक्षा बराच वर होता, अर्थात तिथे जाणाऱ्या मुलांची घरं सुद्धा वेगळी असतात. म्हणून मी म्हणते की पाटी वाचून शाळा निवडू नका, आत जाऊन बसा. मी गेल्या दोन महिन्यांत पाच शाळांत जाऊन आले. एका नावाजलेल्या इंग्रजी शाळेत मला शोकेसमधल्या ट्रॉफ्या दाखवल्या, एसी वर्ग दाखवले, मुलांच्या वह्या बघू का म्हटल्यावर जरा नाखुशीने सात आठ वह्या समोर ठेवल्या. तिसरीचा वर्ग, विषय माझा जिवलग मित्र. सगळ्या वह्यांत मित्राचं नाव एकच, त्याचा आवडता रंग निळा, त्याचे वडील डॉक्टर. सगळं अक्षर सुंदर, सगळ्यांवर व्हेरी गुड. मी घरी येईपर्यंत त्याच वह्यांचा विचार करत होते. त्या वर्गातल्या मुलांचे खरे मित्र कोण असतील, ते मधल्या सुट्टीत काय करत असतील, त्यातलं एक अक्षरही वहीत यायला जागा नव्हती. एका मराठी शाळेतही असंच दिसलं बरं का, माझी सहल, सगळे एकाच बागेत गेलेले. त्या शाळेवरही मी काट मारली.

आणि चांगल्या शाळा नाहीतच असं म्हणणं त्या शिक्षकांवर अन्याय आहे. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत प्रवेशासाठी पालकांची प्रतीक्षायादी लागली होती. माढ्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज घेऊन आले. साताऱ्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळांत मूल स्वतः करून शिकतं अशी ज्ञानरचनावादी पद्धत बघायला राज्यभरातून शिक्षक जाऊन आले. हे अपवाद आहेत असं म्हणाल, पण मग हे अपवाद मराठीतून शिकवूनच झालेत हेही धरा.

अंतराबद्दल कुणी बोलतच नाही. आपल्या राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा असावी असं धरलंय, ते उगाच नाही. आमच्या बिल्डिंगमधली दोन मुलं पावणेसहाला उठतात कारण व्हॅन साडेसहाला येते, कल्याण-शीळ रोडच्या ट्रॅफिकमध्ये परत येईपर्यंत अडीच वाजतात आणि जेवता जेवता झोपतात. त्यांना खेळायला कुणी मित्र नाहीत कारण शाळेतले मित्र दहा किलोमीटरवर राहतात. चालत जायच्या शाळेत मूल रस्त्यात वाण्याला ओळखतं, मैत्रिणीच्या आजीला ओळखतं, मांजरीची पिल्लं कुठे झालीत ते त्याला माहीत असतं. हा अभ्यास नाही का?

कायद्याच्या जोरावर कुणाला मराठी शाळेत ढकलावं असं मला वाटत नाही, आणि ते शक्यही नाही. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये कर्नाटकच्या प्रकरणात सांगितलंच आहे की प्राथमिक शाळेत मातृभाषेची सक्ती सरकार करू शकत नाही, निवड पालकांची. पण निवड म्हणायला समोर दोन बऱ्या शाळा हव्यात ना. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने नियम बदलून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळांना गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव जागांमधून सूट दिली, आणि जुलैमध्ये हायकोर्टाने तो बदल रद्द केला. कोर्टाने बरोबरच केलं, गरिबाला आमच्याच शाळेत जा आणि श्रीमंताला हवं तिथे जा असं चालणार नाही. पण आपली जवळची शाळा लोक ती फुकट असताना सुद्धा का नाकारतायत हा प्रश्न सरकारने स्वतःला विचारायला नको का? शिक्षक द्या, त्यांना वर्गातच राहू द्या, इंग्रजी शिकवायचं खरं प्रशिक्षण द्या. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मुलाला न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला, पण आधी गावोगाव शाळा काढायला तिजोरी उघडली होती.

आम्ही पाहिलेली पाचवी शाळा घरापासून सात मिनिटांवर आहे, जुनी, अनुदानित, भिंतीचा रंग उडालेला. पहिलीच्या बाईंनी परवानगी दिली म्हणून मी मागे अर्धा तास बसले. एक मुलगा उठून सांगायला लागला की त्यांच्या खिडकीत कबुतराने अंडं घातलंय आणि त्याचे बाबा ते काढून टाकणार आहेत. बाई धडा सोडून त्याच्याकडे वळल्या, विचारलं, किती दिवस झाले रे? मग फळ्यावर तारखा लिहिल्या, पिल्लू बाहेर यायला साधारण अठरा दिवस लागतात म्हणाल्या, मग किती उरले ते सगळ्या वर्गाने बोटांवर मोजलं, अकरा आले. बाबांना सांग अकरा दिवस थांबा, बाई म्हणाल्या. माझी मुलगी शेजारी बसली होती, तिने पण मोजले, तिचे बारा आले, आणि तिने हात वर करून ते सांगितलं सुद्धा. अनोळखी वर्गात, ओळख ना पाळख अशा बाईंना. मला माझ्या बारावीच्या वर्गातले चार महिने आठवले.

इंग्रजीचा तास मात्र तिथे कच्चा आहे, ते मी बाईंना तोंडावर सांगितलं आणि त्यांनीही मान्य केलं. आम्ही सहा सात पालक मिळून शनिवारी तासभर इंग्रजी गोष्टी वाचून दाखवायला येऊ का असं मुख्याध्यापकांना विचारलंय, ते संस्थेशी बोलून कळवणार आहेत. फॉर्म भरलाय. ग्रुपवरच्या दोन आया पुढच्या आठवड्यात शाळा बघायला माझ्याबरोबर येणार आहेत, कबुतराचं पिल्लू एव्हाना बाहेर आलं असेल तर तेही त्या मुलाला विचारायचंय.